पुणे लष्करातली सेंट व्हिन्सेंट्स, १८६७ पासून : शाळेचा इतिहास कागदांवरून कसा उभा करायचा

कॅम्पातली_वही (धागालेखक)

सेंट व्हिन्सेंट्स हायस्कूल, कॅम्प (म्हणजे पुण्याचा लष्कर भाग). स्थापना १८६७, चालवणारे जेझुइट (येशूसंघ या कॅथलिक धर्मसंघाचे) फादर, मुलांची शाळा, आता एसएससी बोर्ड. न्यू इंग्लिश स्कूल १८८० चं, म्हणजे ही त्याहून तेरा वर्षांनी जुनी. तरी पुण्याच्या शिक्षणाचा इतिहास लिहिताना पेठांमधल्या शाळांना प्रकरणं मिळतात आणि लष्करातल्या शाळांना जेमतेम एक परिच्छेद. स्मरणिकांचीही तीच गत : मुख्याध्यापकांची यादी, इमारतीचा फोटो, नामवंत माजी विद्यार्थी, संपलं. मुलं कुठून येत होती, काय शिकत होती, फी कोण भरत होतं, मध्येच शाळा का सोडत होती, हे कुठेच येत नाही. खरं तर हे सगळं कागदांवर आहे. ते कागद कुठले, कसे वाचायचे आणि वाचताना कुठे फसायला होतं, एवढ्यासाठी हा धागा. स्मृती रंजनाचे धागे पुष्कळ आहेत, इथे कृपया कागदांचंच बोलू.

सुरुवात 'स्थापना' या तारखेपासून. जुन्या शाळेला चार वेगवेगळ्या तारखा असतात आणि लोक त्या एकमेकींत मिसळतात. वर्ग भरायला लागले ती एक. सरकारी तपासणी आणि अनुदानाखाली शाळा आली ती दुसरी. मुंबई विद्यापीठाच्या मॅट्रिकला मुलं बसायला लागली ती तिसरी. सध्याची इमारत उभी राहिली ती चौथी. पाटीवर पहिली तारीख असते आणि फोटो चौथीचा असतो, त्यामुळे '१८६७ सालची वास्तू' असं बिनदिक्कत छापलं जातं. वास्तू १८६७ चीच आहे असा स्वतंत्र पुरावा हातात असल्याशिवाय तसं लिहू नये.

दुसरं, १८६० चं दशकच का? बिशप्स स्कूल १८६४, सेंट मेरीज १८६६ (दोन्ही अँग्लिकन, म्हणजे इंग्लंडच्या प्रोटेस्टंट चर्चच्या), कॉन्व्हेंट ऑफ जीझस अँड मेरी १८६०, व्हिन्सेंट्स १८६७. सात वर्षांत लष्करात चार शाळा. १८५७ नंतर गोऱ्या फौजेची संख्या वाढली आणि तिच्यात आयरिश कॅथलिक भरपूर होते. १८५८ ला खंडाळा ते पुणे रेल्वे आली, १८६३ ला बोरघाटाचा टप्पा पुरा झाला, मुंबई जवळ आली. त्यात १८५४ च्या वुडच्या खलित्यानं खासगी शाळांना अनुदान देण्याचं तत्त्व मान्य केलं होतं, आणि मुंबई इलाख्यात १८६५-६६ पासून निकालावर अनुदान सुरू झालं. इन्स्पेक्टर येणार, मुलांची इयत्तावार परीक्षा घेणार, उत्तीर्णांच्या हिशोबानं पैसे मिळणार. ही शेवटची गोष्ट इतिहास लिहिणाऱ्याच्या दृष्टीनं सोन्यासारखी आहे. कारण पैसे निकालावर म्हटल्यावर हजेरी, वय आणि इयत्ता यांच्या नोंदी नीट ठेवणं शाळांना भाग पडलं.

कॅथलिक मिशनच्या बाजूनं पाहिलं तर सैनिकांची कॅथलिक मुलं अँग्लिकन शाळांत जाणार ही त्या काळात मोठी चिंता होती. व्हिन्सेंट्सचं साल बिशप्स आणि सेंट मेरीजच्या लगेच मागे येतं, हा मला निव्वळ योगायोग वाटत नाही.


नाना_पेठ

वाचनखूण साठवली. एक भर घालतो, कारण पुण्यातल्या कॅथलिक संस्थांबद्दल लिहिताना पहिला गोंधळ इथेच होतो.

क्वार्टर गेटजवळचं सिटी चर्च १७९२ चं. सवाई माधवरावांच्या काळात पेशव्यांच्या पदरी असलेल्या पोर्तुगीज आणि गोव्याच्या ख्रिस्ती शिपायांसाठी दिलेल्या जागेवरचं. त्याचा जेझुइटांशी संबंध नाही, असणं शक्यही नाही : १७७३ ते १८१४ या काळात जेझुइट संघच पोपच्या हुकमानं बरखास्त होता. हे चर्च पोर्तुगीज पाद्रोआदोच्या, म्हणजे गोव्याच्या, अखत्यारीत. सेंट पॅट्रिक्स चर्च १८५० चं, ब्रिटिश पलटणीतल्या आयरिश सैनिकांसाठी, ते थेट रोमच्या प्रोपागांडाच्या, म्हणजे मिशनचं काम पाहणाऱ्या पोपच्या खात्याच्या, अखत्यारीत. म्हणजे एकाच गावात दोन कॅथलिक सत्ता, दोघांचे धर्मगुरू वेगळे, दप्तर वेगळं.

व्हिन्सेंट्स दुसऱ्या बाजूची. १८५४ मध्ये मुंबईच्या व्हिकॅरिएटमधून (पूर्ण धर्मप्रांत होण्याआधीचा मिशनचा विभाग) पुण्याचा व्हिकॅरिएट वेगळा काढून जेझुइटांकडे दिला गेला. १८५८ पासून मुंबईही त्यांच्याकडे आली. पुण्याला स्वतंत्र धर्मप्रांत आणि बिशप मिळाले १८८६ मध्ये, पहिले बिशप बाइडरलिंडन, तेही जर्मन जेझुइट. त्यामुळे १८६७ ते १८८६ चा पत्रव्यवहार 'पुणे बिशप' म्हणून शोधला तर हाती काही लागणार नाही. तो मुंबईच्या व्हिकर अपोस्टोलिकच्या, म्हणजे व्हिकॅरिएटच्या प्रमुखाच्या, नावानं आहे. त्यातही १८६७ याच साली बदल झाला : स्टाइन्स कलकत्त्याला गेले आणि म्युरिन आले. स्थापनेचा कागद शोधताना दोन्ही नावांच्या फायली पाहायच्या.

मुलांच्या बाप्तिस्म्याच्या नोंदीही याच हिशोबानं शोधायच्या. गोव्याच्या कुटुंबातल्या मुलाची नोंद सिटी चर्चमध्ये, आयरिश शिपायाच्या मुलाची सेंट पॅट्रिक्समध्ये, असा पहिला अंदाज. पक्का नियम नाही, पण वेळ वाचतो.


फोलिओ

जेझुइटांच्या कागदांबद्दल लिहितो. हे लोक लिहिण्यात फार शिस्तीचे आणि प्रत्येक प्रकारच्या कागदाचा उपयोग वेगळा.

सगळ्यात आधी प्रांताचा (प्रांत म्हणजे जेझुइट संघाचा कारभारी विभाग) कॅटलॉग घ्यायचा. दरवर्षी निघणारी लॅटिनमधली छापील पुस्तिका. प्रत्येक घरात, म्हणजे संघाच्या निवासात, त्या वर्षी कोण होतं आणि प्रत्येकाकडे काय काम होतं याची यादी. अमुक फादर सहावीला गणित शिकवतात, अमुक ब्रदर स्वयंपाकघर पाहतात, अमुक जण बँडचे प्रमुख, असं एकेका ओळीत. ओळीनं सालं लावली की शाळेचा शिक्षकवर्ग आपोआप उभा राहतो. पुण्याचं घर जर्मन प्रांताच्या कॅटलॉगमध्ये परदेशी मिशनच्या भागात शेवटी शेवटी येतं, पहिल्या पानांत शोधत बसू नये.

यात एक खड्डा आहे. लॅटिन कॅटलॉगमध्ये 'पी.' म्हणजे पातेर, धर्मगुरू. 'एफआर.' म्हणजे फ्रातेर, ब्रदर. इंग्रजीत मात्र तेच 'एफआर.' फादरसाठी लिहितात. त्यामुळे शाळेचं सुतारकाम पाहणारे ब्रदर स्मरणिकेत फादर होऊन बसतात. शिवाय कॅटलॉगची माहिती वर्षाच्या सुरुवातीची असते. मार्चमध्ये बदली झालेला माणूस डिसेंबरपर्यंत कागदावर पुण्यातच राहतो. त्यासाठी दुसरा कागद, घराची रोजनिशी, जोडीला हवीच.

रोजनिशी कोरडी असते, पण तारखेला पक्की. पाऊस, पाहुणे, परीक्षा, सुट्टी, आजारपण, इन्स्पेक्टरची भेट, सगळं. तिसरा प्रकार वार्षिक पत्रं आणि घराचा इतिवृत्तांत. हे वरिष्ठांसाठी लिहिलेले, त्यामुळे यशाचा सूर चढा असतो. विद्यार्थीसंख्येचा आकडा इथून उचलायचा असेल तर शिक्षण खात्याच्या अहवालाशी ताडून घ्यावा. चौथा प्रकार जर्मन वाचकांसाठी छापलेली मासिकं. 'डी काथोलिशन मिसिओनन' १८७३ पासून निघत होतं, त्यात मुंबई-पुणे मिशनची पत्रं येतात. देणग्या गोळा करणं हाही त्याचा उद्देश होता हे लक्षात ठेवून वाचावं.

भाषा : १९१४ पर्यंत जर्मन, लॅटिन आणि इंग्रजी यांचं मिश्रण. हस्तलिखित जर्मन बहुतेक वेळा कुरेंट लिपीत, जी आजच्या जर्मन माणसालाही शिकल्याशिवाय वाचता येत नाही. त्यात 'ई' आणि 'एन' जवळजवळ सारखे दिसतात, त्यामुळे आडनावं चुकतात. आडनाव आधी छापील कॅटलॉगमधून पक्कं करायचं आणि मग हस्तलिखित वाचायचं. उलट्या क्रमानं गेलात तर एकाच माणसाचे दोन होतात.

कागद कुठे? संघाच्या पुणे प्रांताचं स्वतःचं दप्तर, जर्मन प्रांताचं म्युनिकला, मुख्य संग्रह रोमला. तिन्ही ठिकाणी पत्र लिहून आधी परवानगी लागते. पत्रात 'शाळेचा इतिहास हवा' असं मोघम लिहिलं तर मोघम उत्तर येतं. '१८६७ ते १८७५, पुण्याचं घर, रोजनिशी आणि वार्षिक पत्रं' असं नेमकं लिहावं.


गुलटेकडी_एक्सप्रेस

फोलिओ, जर्मन फादर इतक्या मोठ्या संख्येनं इकडे आले कसे? त्यांच्या देशात शाळा नव्हत्या का?


फोलिओ

होत्या, पण काढून घेतल्या. बिस्मार्कच्या काळात ४ जुलै १८७२ ला जर्मन साम्राज्यानं जेझुइट बंदीचा कायदा केला, तो १९१७ पर्यंत राहिला. घरं बंद झाली, कायद्यानं परदेशी सदस्यांना हद्दपार करता येत होतं. शिकलेले, शिकवण्याचा अनुभव असलेले शेकडो लोक मोकळे झाले आणि प्रांतानं त्यांना हॉलंड, इंग्लंड, अमेरिका, ब्राझील आणि मुंबई-पुण्याला पाठवलं. मुंबईचं सेंट झेवियर्स कॉलेज १८६९ चं, ते ज्या वेगानं वाढलं त्यामागे हे कारण आहे. पुण्यालाही त्याचा लाभ झाला. व्हिन्सेंट्सची स्थापना या कायद्याच्या आधीची, वाढ कायद्यानंतरची. लिहिताना या दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्यात.

स्विस फादर नंतर आले त्यांचीही गत तीच. स्वित्झर्लंडच्या राज्यघटनेत जेझुइटांवर बंदीचं कलम १९७३ च्या सार्वमतापर्यंत होतं. स्वतःच्या देशात शाळा काढता येत नव्हती, इथे काढली. पाषाणची लोयोला (१९६१) पाहताना हे संदर्भ विसरू नयेत.


इयत्ता_सातवी_इंग्रजी

जनरल रजिस्टरबद्दल, म्हणजे शाळेत आलेल्या-गेलेल्या मुलांच्या नोंदवहीबद्दल, कुणी लिहिलं नाही म्हणून सविस्तर लिहितो. माझ्या मते शाळेचा सगळ्यात मोठा ऐतिहासिक दस्तऐवज हाच. फादरांच्या रोजनिशीत मुलं क्वचित येतात, इथे मात्र प्रत्येक मुलगा एका ओळीत आहे.

रकाने साधारण असे : रजिस्टर क्रमांक, मुलाचं नाव, वडिलांचं नाव, धर्म व जात, जन्मस्थळ, जन्मतारीख अंकी आणि अक्षरी, आधीची शाळा, प्रवेशाची तारीख व इयत्ता, प्रगती, वर्तणूक, शाळा सोडल्याची तारीख, कारण, शेरा. जुन्या वह्यांत वडिलांचा धंदा आणि राहण्याचा पत्ताही सापडतो. पालकाच्या जागी पलटणीचं नाव असेल तर बाप फौजेत होता हे उघड. पुढचा शोध त्या पलटणीच्या मुक्कामावरून घेता येतो. पलटण हलली की त्याच महिन्यात दहा-पंधरा मुलं 'शाळा सोडली' या रकान्यात गेलेली दिसतात. पटसंख्या अचानक पडली म्हणजे शाळा घसरली असं नाही.

इयत्तेचा घोळ सगळ्यात मोठा. मुंबई इलाख्यात चार इयत्ता मराठी, त्यावर सात इयत्ता इंग्रजी, आणि सातवी इंग्रजी म्हणजे मॅट्रिक. म्हणून जुन्या नोंदीतली 'चौथी' ही आजची आठवी असू शकते. पण युरोपियन मुलांसाठीच्या शाळांत किंवा विभागांत इयत्ता सलग मोजत, तिथे चौथी म्हणजे चौथीच. नोंद कोणत्या पद्धतीची, हे ठरवायची सोपी रीत : वय पाहा. 'चौथी' समोर तेरा-चौदा वर्षांची मुलं असतील तर ती इंग्रजी चौथी. नऊ-दहा वर्षांची असतील तर सलग मोजणी.

जन्मतारखा : १ जूनची गर्दी दिसली की त्या अंदाजानं लावलेल्या तारखा समजाव्यात. कॅथलिक मुलांबाबत हे कमी, कारण बाप्तिस्म्याचा दाखला असायचा. तो चर्चच्या वहीशी ताडताना नावं लॅटिनमध्ये असतात हे ध्यानात घ्यावं : जॉनचं योआनेस, जेम्सचं याकोबुस, लुईसचं लुडोविकुस. १९०८ नंतर पुढे झालेल्या लग्नाची नोंदही बाप्तिस्म्याच्या नोंदीच्या समासात करायची पद्धत आली, त्यामुळे मुलगा पुढे कुठे गेला याचा धागा तिथे मिळतो.

मोजणी करायची असेल तर सगळं रजिस्टर उतरवत बसू नका. दर दहावी नोंद घ्या, पाच-पाच वर्षांचे गट करा आणि प्रत्येक नोंदीतून सहाच गोष्टी उचला : प्रवेशाचं साल, वय, इयत्ता, धर्म, वडिलांचा धंदा, सोडण्याचं कारण. एवढ्यात शाळेचा स्वभाव कळतो. फसायच्या जागा दोन. परत प्रवेश घेतलेल्या मुलाला बहुधा नवा क्रमांक दिलेला असतो, म्हणजे एकच मुलगा दोनदा मोजला जातो. आणि नवीन वही सुरू झाली की क्रमांक कधी पुढे चालू ठेवतात, कधी पुन्हा १ पासून. म्हणून नोंदीचा पत्ता नेहमी 'वही क्रमांक / रजिस्टर क्रमांक' असा जोडीनं लिहायचा. नुसता क्रमांक लिहून ठेवला तर वर्षभरानं त्याचा उपयोग शून्य.

१८९७ च्या प्लेगचा आणि १९१८ च्या इन्फ्लुएंझाच्या साथीचा परिणाम पाहायचा असेल तर त्या सालांची 'सोडण्याचं कारण' आणि प्रवेशाच्या तारखा महिन्यावार मांडा. नेहमीचे प्रवेश सत्राच्या सुरुवातीला गर्दीनं होतात. ती गर्दी पुढच्या महिन्यांत सरकलेली दिसली की शाळा किती काळ बंद होती किंवा ओस होती हे कुणी न सांगता कळतं.


कॅम्पातली_वही

इयत्ता_सातवी, फार उपयोगी प्रतिसाद. यात सरकारी बाजू जोडतो. शिक्षण संचालकांचे मुंबई इलाख्याचे वार्षिक अहवाल, त्यांच्या परिशिष्टांत अनुदानित शाळांची यादी, पट, सरासरी हजेरी आणि अनुदानाची रक्कम. व्हिन्सेंट्स 'युरोपियन शाळा' या तक्त्यात येते की 'हायस्कूल'च्या, हे दर साली तपासायचं. तक्ता बदलला तर परीक्षा, तपासणारा अधिकारी आणि पैशाचा हिशोब तिन्ही बदलतात. मूळ फायली मुंबईत राज्य पुराभिलेखागारात, शिक्षण खात्याच्या खंडांत. मॅट्रिकसाठी मुंबई विद्यापीठाची जुनी कॅलेंडरं, म्हणजे वार्षिक माहितीपुस्तकं.


दगड_चुना

इमारतीकडे वळू या. वर बरोबर म्हटलंय की पाटीवरचं साल वास्तूला चिकटवू नये. मग वास्तूचं साल काढायचं कसं?

कागद आधी. लष्करातली जमीन महापालिकेच्या सिटी सर्व्हेत शोधू नका. ती डिफेन्स इस्टेट्स ऑफिसरच्या (संरक्षण खात्याच्या जमिनी पाहणारा अधिकारी) जनरल लँड रजिस्टरमध्ये असते. सर्व्हे नंबर, क्षेत्र, वर्ग, धारक आणि हक्काचा प्रकार असे रकाने. धारक म्हणून शाळेचं नाव सापडेलच असं नाही, मिशन, बिशप किंवा सोसायटीच्या नावानंही पाहावं. 'ओल्ड ग्रँट' असेल तर जमिनीची मालकी सरकारची आणि बांधकाम धारकाचं, म्हणून प्रत्येक वाढीव बांधकामाला परवानगी लागत आली. ही परवानगीची फाइल कॅन्टोन्मेंट बोर्डाकडे असते आणि तिच्यात नकाशा असतो. इमारतीचं वय सांगणारा सगळ्यात भरवशाचा कागद तोच.

कागद मिळेपर्यंत इमारत स्वतः बोलते. कौलं उलटी करून पाहा. बासेल मिशनच्या मंगलोरी कौलावर '१८६५' छापलेलं दिसलं की लोक हुरळून जातात. ते कारखान्याच्या स्थापनेचं साल आहे, कौल त्यानंतर कित्येक दशकांनी भाजलेलं असू शकतं. छताखाली लोखंडी तुळया असतील तर त्यांच्या पोटावरचं नाव वाचा. टाटांचा शिक्का असेल तर तुळई १९१२ च्या आधीची असूच शकत नाही, कारण जमशेदपूरचं पोलाद तेव्हापासून सुरू झालं. डॉर्मन लाँगचा असेल तर विलायती. दगडी भिंतीच्या सांध्यात चुना की सिमेंट? देशी सिमेंट १९१४ पासून बाजारात आलं. सांधा दोन ठिकाणी कोरून पाहावा, कारण वरचा थर बहुतेक वेळा नंतरच्या दुरुस्तीचा असतो. काळ्या दगडाची घडाई तळमजल्यावर एक आणि वर वेगळी दिसली तर मजला नंतर चढवला असं समजायला हरकत नाही.

आता दुरुस्तीबद्दल, कारण लष्करातल्या बऱ्याच जुन्या शाळांचं यात नुकसान झालंय. चुन्यातल्या दगडी भिंतीला सिमेंटच्या दरजा भरू नयेत, म्हणजे सांधे सिमेंटनं भरू नयेत. जमिनीतून चढणारी ओल चुन्याच्या सांध्यातून बाहेर पडते. सांधा सिमेंटनं बंद केला की ती आतच अडकते, आतल्या गिलाव्यातून बाहेर यायला बघते, भिंतीला पांढरं मीठ फुटतं आणि दोन-तीन पावसाळ्यांत गिलावा फुगून पडतो. मग 'ओल फार आहे' म्हणून पुन्हा सिमेंट लावतात, आणि ओल आणखी वर चढते. योग्य रीत : जुना सांधा रुंदीच्या दुप्पट खोल हातानं मोकळा करायचा (मशीन लावलं तर दगडाच्या कडा उडतात), ब्रशनं झाडायचा, पाणी मारायचं, मग एक भाग मुरवलेला चुना आणि अडीच ते तीन भाग धुतलेली वाळू. ओलसर जागी वाळूच्या काही हिश्श्याऐवजी सुरखी (विटांची भुकटी) घालायची. दाबून भरायचं आणि ओलं गोणपाट लावून किमान आठवडाभर भिजत ठेवायचं. मे महिन्यात हे काम काढलं तर चुना वाळतो पण धरत नाही, बोटानं भुगा निघतो. पावसाळा संपल्यावरचे महिने उत्तम. शाळेला सुट्टी मे महिन्यात असते म्हणून काम मे महिन्यात काढलं जातं, हे खरं दुखणं. सावलीचं कापड बांधून आणि दिवसातून तीन वेळा पाणी मारूनच ते निभावतं.

कौलांचं : चौरस मीटरला साधारण पंधरा. नवी घेताना जुन्याशेजारी ठेवून खाच बसते का पाहा. वेगवेगळ्या कारखान्यांची कौलं एका उतारावर मिसळली तर खाचा जुळत नाहीत आणि वाऱ्याच्या पावसात पाणी आत येतं. एका उतारावरची चांगली कौलं एकत्र करायची आणि नवी सगळी दुसऱ्या उतारावर लावायची.


लाल_देऊळ_चौक

सिमेंटच्या दरजांबद्दल शंभर टक्के सहमत. हा प्रतिसाद प्रिंट काढून प्रत्येक जुन्या शाळेच्या ऑफिसात लावायला हवा.


नाना_पेठ

एक मोठा खंड राहिला : पहिलं महायुद्ध. जर्मन म्हणजे शत्रूराष्ट्राचे नागरिक. बरेच जण अहमदनगरच्या छावणीत नजरकैदेत गेले आणि १९१५-१६ मध्ये 'गोलकोंडा' जहाजानं मिशनऱ्यांना परत पाठवण्यात आलं. मुंबई-पुण्याच्या जेझुइट शाळांतले अनुभवी शिक्षक दोनेक वर्षांत नाहीसे झाले. १९१४ ते १९२२ या काळात नावं पटापट बदलतात, रोजनिशीत खंड पडतो, अक्षर बदलतं, भाषाही बदलते. मुंबईत पुढे स्पेनचे जेझुइट आले, पुण्याकडे स्विस. बिशप ड्योरिंग १९२१ मध्ये हिरोशिमाला नेमले गेले आणि १९२७ ला पुण्यात परत आले. हे वाचताना दोन वेगळे ड्योरिंग असावेत असं वाटतं, तसं नाही.

या आठ वर्षांसाठी जर्मन दप्तर जवळजवळ निरुपयोगी. तिथे सरकारी कागद पाहायचे, गृह आणि राजकीय खात्यांच्या युद्धकाळातल्या फायली, आणि मुंबईचं 'एक्झामिनर' साप्ताहिक, जे १८५० पासून आजतागायत चालू आहे. शाळा या काळात कुणी चालवली याचं उत्तर माझ्या मते शिक्षकांच्या पगारपत्रकांत मिळेल. फादर गेले, पण गोव्याचे, अँग्लो-इंडियन आणि मराठी मास्तर राहिले. त्यांची नावं कुठल्याच कॅटलॉगमध्ये नाहीत कारण ते संघाचे सदस्य नव्हते. व्हिन्सेंट्सचा खरा इतिहास लिहायचा तर या लोकांना जागा मिळालीच पाहिजे.


गुलटेकडी_एक्सप्रेस

स्वातंत्र्यानंतरचं कुणी लिहील का? तो भाग सोपा समजून सगळे सोडून देतात.


कॅम्पातली_वही

सोपा नाही, फक्त कागद टंकलिखित आहेत म्हणून तसं वाटतं.

मॅट्रिक जाऊन एसएससी आली, पहिली परीक्षा १९४९ ला. सध्याचं राज्य मंडळ १ जानेवारी १९६६ पासूनचं. त्यामुळे '१९५५ साली महाराष्ट्र बोर्डात पहिला' असं वाक्य लिहिलं की ते चूकच.

१९५४ मोठं साल आहे. मुंबई सरकारनं ६ जानेवारीला हुकूम काढला की इंग्रजी माध्यमाच्या शाळांनी अँग्लो-इंडियन आणि आशियाबाहेरच्या वंशाची मुलं सोडून इतरांना नवीन प्रवेश देऊ नयेत. देवळालीच्या बार्न्स हायस्कूलच्या प्रकरणात हा हुकूम सर्वोच्च न्यायालयात गेला आणि मे महिन्यात रद्द ठरला. हुकूम टिकला असता तर लष्करातल्या इंग्रजी शाळांचे वर्ग चार-पाच वर्षांत रिकामे झाले असते, कारण अँग्लो-इंडियन कुटुंबं १९४७ पासून देश सोडून चाललीच होती. १९५० च्या दशकातलं जनरल रजिस्टर याच दृष्टीनं पाहा : आडनावं बदलतात, पत्ते बदलतात, कॅम्पाबाहेरची मुलं दिसू लागतात.

त्यानंतर १९७५. दहावीची पहिली तुकडी त्या मार्चमध्ये बसली, अकरावी शाळेतून गेली. शाळेतला सगळ्यात वरचा वर्ग कमी झाल्यावर विज्ञानाची प्रयोगशाळा, शिक्षकांची पदं, खोल्यांची वाटणी सगळं हललं. १९७५ च्या आसपासची शिक्षक मान्यतेची पत्रं आणि कर्मचारी यादी शेजारी शेजारी ठेवून वाचा. १९७७ चा खासगी शाळा कर्मचारी कायदा आणि १९८१ चे नियम आल्यावर सेवापुस्तकं एकसारखी झाली, तिथून पुढे शिक्षकांचा इतिहास लिहिणं खूप सोपं होतं.


जपून_ठेवा

स्कॅनिंगचं लिहितो. अशा कामात घाईनं सगळ्यात जास्त नुकसान होतं.

जुनी बांधीव रजिस्टरं सपाट स्कॅनरवर उपडी दाबू नका, पाठ तुटते. वरून कॅमेरा, खाली व्ही आकाराचा पाळणा, दोन्ही बाजूंनी ४५ अंशांवर दिवे, फ्लॅश बंद. ए-३ पानाला ४०० डीपीआय, रंगीत. कृष्णधवल केलं तर लाल शाईतले शेरे आणि पेन्सिलीच्या दुरुस्त्या हरवतात. मूळ प्रत टिफमध्ये. असं एक पान साधारण ९० एमबीचं होतं, म्हणजे ३०० पानांची वही २७ जीबी. त्यामुळे डिस्कचा हिशोब आधी करा आणि तीन प्रती ठेवा, त्यातली एक शाळेच्या आवाराबाहेर. वापरण्यासाठी वेगळी छोटी पीडीएफ.

फाइलला नाव देताना वहीचा क्रमांक आणि पानाचा क्रमांक घाला, 'स्कॅन००१' नको. कोरी पानंही काढा. नाहीतर दहा वर्षांनी कुणीतरी म्हणणार की मधली पानं गायब आहेत.

फाटलेल्या पानाला सेलोटेप कधीही लावू नये, डिंक पिवळा पडून अक्षर खातो. लॅमिनेशन त्याहून वाईट, ते परत काढता येत नाही. जपानी टिश्यू आणि गव्हाच्या स्टार्चची पातळ खळ, तीही सराव असलेल्या माणसाकडून. तपकिरी झालेली जुनी शाई कागदाला आरपार खात असेल तर ते पान वारंवार उलटू नका, एकदाच नीट फोटो काढा. वाळवी लागलेली वही कपाटात परत ठेवण्याआधी कपाट भिंतीपासून चार बोटं पुढे ओढा आणि जमिनीपासून वर घ्या. फक्त फवारणी केली तर वाळवी परत येते. लोखंडी कपाट चांगलं, पण पावसाळ्यात आत घाम धरतं. महिन्यातून दोन-तीन कोरड्या दिवशी दारं उघडी ठेवावीत.

खासगीपणा : जनरल रजिस्टरमध्ये जात, धर्म, जन्मतारीख, वर्तणुकीचा शेरा सगळं असतं. ते जसंच्या तसं इंटरनेटवर टाकू नये. शंभर वर्षांपूर्वीच्या नोंदी अभ्यासकांना, त्यानंतरच्या फक्त त्या व्यक्तीला किंवा वारसाला, असा नियम शाळेनं लेखी करून ठेवावा. आकडेवारी मात्र खुशाल छापावी, त्यानं कुणाचं काही बिघडत नाही.


इयत्ता_सातवी_इंग्रजी

जपून_ठेवा यांच्या मुद्द्याला जोडून. स्कॅन झाल्यावर सूची करताना आडनावांचं स्पेलिंग एकसारखं करू नका. डिसोझा हे आडनाव जुन्या वह्यांत चार-पाच प्रकारे येतं, आणि त्यातला फरक कधी कधी कुटुंब ओळखायला उपयोगी पडतो. सूचीत दोन रकाने ठेवा : एक वहीत आहे तसं, दुसरा शोधण्यासाठीचं आजचं रूप. तमिळ कॅथलिक मुलांच्या बाबतीत तर हे फारच गरजेचं, कारण तिथे वडिलांचं नावच आडनावाच्या जागी येतं आणि पुढच्या पिढीत ते बदलतं. पुढची पिढी म्हणजे वेगळं घराणं असं समजून सूची केली तर घोरपडी आणि लष्करातली अर्धी घराणी कागदावर तुटून जातील.

आणि काम सुरू करायचंच असेल तर १८६७ पासून करू नका. १९०० ते १९१४ घ्या. वह्या त्यामानानं धड असतात, अक्षर वाचता येतं, अहवाल आणि कॅटलॉग दोन्ही ताडायला मिळतात. त्यावर हात बसला की मग मागे जायचं.